नाशिकमध्ये सगळं बरोबर, ओंटारिओत गिऱ्हाईक एक दिवस आधीच १९ वर्षांचं: ऑनलाइन वयतपासणीतली पुन्हा पुन्हा येणारी चूक

आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसातली सगळ्यात चिवट तक्रार एका ओळीची होती: "तुमची वेबसाइट वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच माणसाला आत सोडते." क्लायंट कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला, धंदा कायदेशीर गांजाचा. ऑनलाइन ऑर्डर घ्यायची आणि त्याच संध्याकाळी घरपोच द्यायची. दारात पोहोचलेला डिलिव्हरीवाला लायसन्स बघतो, त्यावरच्या तारखेप्रमाणे गिऱ्हाईक उद्या १९ वर्षांचं होणार असतं. माल परत फिरतो, आणि शिव्या नाशिकला येतात.

पाच-सहा वेळा आम्ही ते तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, "आमच्याकडे बरोबर चालतंय" असं लिहून बंद केलं. तसं ते खरंही होतं. गंगापूर रोडच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत प्रत्येक लॅपटॉपवर ते बरोबरच चालत होतं, आणि सगळा घोळ त्यातच होता.

घरी आई विचारते, "ते कॅनडावाले विकतात तरी काय रे?" मी "झाडपाला" म्हणून वेळ मारून नेतो. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा आहे, गांजाला हात लावायची सोय नाही. तिकडे कॅनाबिस अ‍ॅक्ट १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. केंद्राने किमान वय १८ ठेवलं, प्रांतांना ते वाढवायची मुभा दिली. आज अल्बर्टात १८, क्वेबेकमध्ये १ जानेवारी २०२० पासून २१, बाकी सगळीकडे १९. आम्ही झाडपाल्याच्या वाटेला जात नाही, फक्त वय मोजतो. आणि नेमकं तेच चुकत होतं.

साडेपाचचा धागा

पहिला सुगावा लागला तो रात्रपाळीत. थंडीचे दिवस होते. निफाडकडून येणारा गारठा खिडकीच्या फटीतून थेट कीबोर्डवर येत होता, झोप लागणं शक्यच नव्हतं. म्हणून मी परत फिरलेल्या ऑर्डरी एका शीटमध्ये काढून वेळेप्रमाणे लावल्या. टोरंटोच्या घड्याळाने बघितलं तर काही काढता येईना: काही संध्याकाळी सातनंतरच्या, काही आठनंतरच्या. सहज म्हणून शेजारच्या कॉलममध्ये भारतीय वेळ टाकली. बहुतेक ऑर्डरी पहाटे साडेपाचनंतरच्या. उन्हाळ्यातल्या असोत की हिवाळ्यातल्या, साडेपाचच्या आधीची जवळजवळ एकही नाही.

साडेपाच म्हणजे काय हे आपल्याकडच्या प्रोग्रामरला सांगायला नको. यूटीसीचे, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेचे, रात्रीचे बारा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, तेही बारा महिने, कारण आपण घड्याळ मागेपुढे करत नाही. टोरंटो उन्हाळ्यात चार तास मागे असतं आणि हिवाळ्यात पाच, म्हणून तिथे तोच क्षण कधी रात्री आठला येतो, कधी सातला. क्लायंटला नमुना दिसत नव्हता याचं कारण त्याचं घड्याळ हलत होतं. आमचं जागेवर होतं.

सर्व्हर यूटीसीवर. "आजची तारीख" तो स्वतःच्या घड्याळातून घेत होता. टोरंटोत १३ मार्चच्या रात्रीचे आठ वाजले की सर्व्हरच्या मते १४ मार्च उजाडलेला. १४ मार्च २००६ ला जन्मलेला पोरगा १३ मार्च २०२५ च्या रात्री सव्वाआठला ऑर्डर टाकतो, सर्व्हर त्याला हसत आत घेतो, आणि तासाभरात दारात फजिती.

उपाय सोपा आहे, पण अर्धवट करू नका. "आज" काढताना दुकानाचा टाइमझोन नावाने द्या: अमेरिका/टोरंटो (America/Toronto). उणे पाच असा आकडा कोडमध्ये ठोकलात तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तासभर चुकाल. आणि एका प्रांताचा एकच टाइमझोन असतो हेही गृहीत धरू नका. ओंटारिओचा पश्चिमेकडचा तुकडा, केनोराच्या बाजूचा, टोरंटोच्या एक तास मागे आहे. न्यूफाउंडलंड तर आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं, उणे साडेतीन. सस्कॅचवानमध्ये बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवतच नाहीत. टाइमझोन दुकानाच्या पत्त्याला जोडून ठेवा. गिऱ्हाइकाच्या फोनवरून घेऊ नका, फोनचं घड्याळ बदलायला दहा सेकंद पुरतात.

हे लावलं आणि तक्रारी एकदम कमी झाल्या. आम्ही खुशीत मिसळ खाऊन आलो. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार, आणि या वेळी ऑर्डर दुपारी तीनची.

इथून न दिसणारी चूक

साडेपाचची चूक फक्त इथून दिसत होती. ही दुसरी इथून दिसणं शक्यच नव्हतं.

फॉर्ममध्ये गिऱ्हाईक जन्मतारीख निवडतं. ब्राउझर ती "२००६-०३-१४" अशा आडव्या रेघांच्या मजकुरात देतो. जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेला, हा मजकूर दिला आणि डेट ऑब्जेक्ट, म्हणजे तारीख-वेळेचा एक नेमका क्षण, मागितला, की ती त्याचा अर्थ "१४ मार्च, यूटीसीप्रमाणे रात्रीचे बारा" असा लावते. पुढच्या ओळीत आपण दिवस, महिना, वर्ष मागतो, ते मात्र ती त्या मशिनच्या स्थानिक वेळेनुसार देते. नाशिकमध्ये यूटीसीचे बारा म्हणजे १४ मार्चची पहाट, साडेपाच. तारीख १४ च. टोरंटोत तोच क्षण १३ मार्चच्या संध्याकाळी सातचा. तारीख १३. झाला माणूस एक दिवसाने मोठा, आणि तो दिवसभर, कोणत्याही वेळी.

यूटीसीच्या पूर्वेला बसलेल्या कुणालाच ही चूक भेटत नाही. आमच्या टेस्टर मुलीने शंभर तारखा टाकून बघितल्या होत्या, बिचारीने हजार टाकल्या असत्या तरी शंभर टक्के बरोबर आल्या असत्या. गंमत म्हणजे रेघांऐवजी तिरक्या दांड्या दिल्या, "२००६/०३/१४", तर बहुतेक ब्राउझर ती स्थानिक वेळ धरतात आणि चूक गायब होते. आमच्या जुन्या कोडमध्ये एका पानावर दांड्या होत्या, दुसऱ्यावर रेघा. म्हणून काही जणांचं वय बरोबर, काहींचं चूक, आणि आम्ही उगाच फोनच्या मॉडेलवर संशय घेत बसलो.

इथे बसून चूक बघायची असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा भाग आहे. तिथे लोकेशन बदलून टाइमझोन टोरंटोचा करा आणि पान पुन्हा लोड करा. मी ते केलं, १४ टाकले आणि स्क्रीनवर १३ आले. दोन आठवडे ज्यासाठी डोकं फोडलं ते दोन मिनिटांत समोर.

त्या दोन आठवड्यांतला एक माझा पराक्रमही सांगून टाकतो. क्लायंटने काही गिऱ्हाइकांची यादी पाठवली होती, "यांच्या जन्मतारखा चुकल्यात, हाताने दुरुस्त करा." मी अ‍ॅडमिन पॅनलमध्ये एकेक तारीख नीट बघून टाकली, सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी त्यांतली प्रत्येक तारीख एक दिवसाने मागे. पॅनल तारीख घेत होतं नाशिकच्या रात्री बाराची, आणि साठवताना तिचं यूटीसी करत होतं. १४ मार्चचे नाशिकचे रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत १३ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. वेळ कापून फक्त तारीख साठवली, राहिले १३. म्हणजे वाचताना चूक होते यूटीसीच्या पश्चिमेला, लिहिताना होते पूर्वेला, आणि आमच्या एकाच प्रॉडक्टमध्ये दोन्ही. क्लायंटला मी फोनवर हे सगळं समजावलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

जन्मतारखेला क्षण मानू नका

आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकला, तोच पुढे पेन्शनपर्यंत चालला. आमच्या काकांचा खरा जन्म श्रावणातला, पण सरकारदरबारी १ जून. आणि घरच्या पंचांगाने बघाल तर वार बदलतो सूर्योदयाला. रात्री दोनला जन्मलेलं मूल आदल्या वारात मोजलं जातं. ही सगळी गुंतागुंत आपण कशी निभावतो? कागदावर जे लिहिलंय ते धरतो. लायसन्सवरची जन्मतारीखही तशीच आहे. तिला तास नाही, टाइमझोन नाही. ती कागदावरची नोंद आहे, ती नोंदीसारखीच सांभाळा.

आम्ही डेट ऑब्जेक्ट पूर्ण काढून टाकला. जन्मतारीख आठ आकड्यांचा पूर्णांक: २००६०३१४. आजची, दुकानाच्या टाइमझोनमधली, तीही तशीच. मोठ्यातून लहान वजा करा आणि दहा हजाराने भागून पूर्णांक तेवढा ठेवा. १३ मार्च २०२५ ला: २०२५०३१३ वजा २००६०३१४, उत्तर १८९९९९, वय १८. दुसऱ्या दिवशी: १९००००, वय १९. चौथीतल्या मुलालाही पाटीवर तपासता येईल असं गणित आहे, आणि मला तेच त्यातलं सगळ्यात आवडतं.

डेटाबेसमध्ये कॉलम तारखेचाच ठेवा, तारीख-वेळेचा नको. तेवढ्यावरही निर्धास्त राहू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलायला आम्ही नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) जो ड्रायव्हर वापरत होतो तो साध्या तारखेच्या कॉलमचाही डेट ऑब्जेक्ट करून हातात देत होता. त्याला मजकूरच द्यायला सांगावं लागलं.

आणि कुठे "दिवस भागिले ३६५" दिसलं तर तिथल्या तिथे खोडा. १९ वर्षांत चार किंवा पाच लीप दिवस येतात, म्हणजे गिऱ्हाईक तेवढे दिवस आधी आत. ३६५.२५ ने भागणारेही असतात, त्यांची चूक एका दिवसावर येते, जाते, पुन्हा येते. ती शोधणं जास्त त्रासाचं.

पंधराशे वर्षांचं गिऱ्हाईक

टाइप करायला नको म्हणून क्लायंटने लायसन्स स्कॅन करायची सोय मागितली. उत्तर अमेरिकेतल्या लायसन्सच्या मागे पीडीएफ४१७ नावाचा बारकोड असतो, रुंद, बारीक ठिपक्यांची चटई अंथरल्यासारखा. त्यात आम्वा (AAMVA) या लायसन्स देणाऱ्या खात्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे माहिती भरलेली असते आणि प्रत्येक माहितीच्या आधी तीन अक्षरांचा कोड. डीबीबी म्हणजे जन्मतारीख, डीबीए म्हणजे मुदत संपण्याची तारीख, डीसीएस आडनाव.

तो वाचायला आम्ही एक तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, बसवली. कुणा अमेरिकन माणसाने लिहिलेली, छान चालणारी. महिन्याच्या रिपोर्टमध्ये "गिऱ्हाइकांचं सरासरी वय" चार आकडी आलं. आधी हसलो. मग पोटात गोळा आला.

त्या मानकात अमेरिकेची तारीख महिना-दिवस-वर्ष अशी असते आणि कॅनडाची वर्ष-महिना-दिवस. एकच कोड, एकच आठ आकडे, क्रम वेगळा. आमच्या चाचणीच्या कार्डावर होतं २००८०५१२, म्हणजे १२ मे २००८. लायब्ररीने वाचलं: महिना २०, दिवस ०८, वर्ष ०५१२. विसावा महिना नसतो, पण जावास्क्रिप्टला त्याचं काही वाटत नाही. ती जास्तीचे महिने पुढच्या वर्षात ढकलते आणि इसवी सन ५१३ चा ऑगस्ट काढून देते. कार्डधारक पंधराशे वर्षांचा, १९ च्या वर, या आत. म्हणजे कॅनडाचं कुठलंही कार्ड, अगदी शाळकरी पोराचंही, तपासणीतून पार होत होतं. एरवी चूक झाली की गिऱ्हाईक अडतं आणि बोंब मारतं. इथे सगळेच पार होत होते, मग बोंब मारणार कोण?

दुरुस्ती करताना कार्डावरचा देशाचा कोड, डीसीजी, आधी बघा आणि त्यावरून क्रम ठरवा. तो सापडला नाही तर सुरुवातीला असलेला कार्ड देणाऱ्याचा सहा आकडी क्रमांक बघा. ओंटारिओचा ६३६०१२ आहे, कॅलिफोर्नियाचा ६३६०१४. दोन्ही नसतील तर कार्ड नाकारा, अंदाज बांधू नका. शिवाय वयाला वरची मर्यादाही घाला. जगात खात्रीशीर नोंद असलेलं सगळ्यात मोठं आयुष्य १२२ वर्षांचं आहे, तेव्हा १२२ च्या वर कुणी आलं तर ते कोडची चूक समजा. मुदत संपल्याची तारीखही त्याच क्रमाने वाचायची असते, हे आम्ही आधी विसरलो होतो.

एक मात्र क्लायंटला स्पष्ट सांगून ठेवा: बारकोड वाचला म्हणजे कार्ड खरं ठरत नाही. तसा बारकोड घरी बसून छापता येतो. दारातली तपासणी म्हणूनच लागते. ओंटारिओत २५ च्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचंच असतं, वेबसाइट काहीही म्हणो.

स्कॅनच होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा कारण क्षुल्लक निघतं. कार्डावर ट्यूबलाइटची चमक, फोन फार जवळ धरलेला, किंवा लिंक एखाद्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेली आणि तिथे कॅमेऱ्याची परवानगीच मिळत नाही. चाचणीला व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो वापरू नका, तो इतका दाबला जातो की ठिपके एकमेकांत मिसळतात.

आमच्याकडून आणखी एक चूक झाली होती, तिची अजून लाज वाटते. स्कॅन का फसतंय ते कळावं म्हणून आम्ही बारकोडचा सगळा मजकूर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उतरवत होतो. त्यात नाव, घरचा पत्ता, लायसन्स नंबर, सगळं. कॅनडाचा पिपेडा हा खासगी धंद्यांसाठीचा कायदा २००० सालचा आहे, आणि त्याचं साधं म्हणणं की कामापुरतीच माहिती घ्या. आता आमच्या लॉगमध्ये फक्त "वय पुरेसं: हो किंवा नाही", तपासणीची वेळ आणि कोणता नियम लावला एवढंच जातं. जुने लॉग पुसायला एक अख्खा शनिवार गेला.

बाकी किरकोळ

"दर आठवड्याला पुन्हा वय विचारतंय" अशी आयफोनवाल्यांची तक्रार असेल तर कारण सफारी, आयफोनचा ब्राउझर. स्क्रिप्टने लिहिलेली कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) ती सात दिवसांनी उडवते. कुकी सर्व्हरकडून पाठवा. दर पानाला विचारत असेल तर मेनू बहुधा दुसऱ्या कंपनीच्या डोमेनवरून आयफ्रेममध्ये (पानाच्या आतल्या पानात) आणलेला आहे. परक्या डोमेनच्या कुकी सफारी २०२० पासून घेतच नाही. मेनू आपल्याच सबडोमेनवर आणा, दुसरा इलाज नाही. नाशिकच्या एका वायनरीच्या साइटवरही आम्हाला हेच करावं लागलं होतं.

पलीकडच्या गॅटिनोचं, म्हणजे क्वेबेकचं लायसन्स घेऊन ओटावाच्या दुकानातून मागवणारा २० वर्षांचा माणूस नाकारला जात असेल, तर तुमचा कोड वयाची अट कार्डाच्या प्रांतावरून घेतोय. अट विक्री जिथे होते तिथली लागते, ओंटारिओची, १९.

आडनाव जुळत नाही म्हणून अडत असेल तर कार्डात बघा: लांब आडनाव कापलं गेलं असेल तर डीडीई या कोडापुढे तसं नोंदलेलं असतं. आपली तिकडे शिकायला गेलेली मुलं इथे हमखास अडकतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या आपल्या क्रमातलं मधलं नाव फॉर्ममध्ये एका ठिकाणी जातं आणि कार्डावर दुसरीकडे छापलेलं असतं. वय तपासायला नावाचा अक्षरन् अक्षर जुळण्याची गरज नाही, क्लायंटला पटवून ती अट सैल करून घ्या.

आता आमच्या फळ्यावर खडूने काही तारखा कायमच्या लिहिलेल्या आहेत. कोड बदलला की त्या सगळ्या टोरंटो, केनोरा आणि नाशिक अशा तीन टाइमझोनमध्ये चालवतो. आज १९ पूर्ण, उद्या १९ पूर्ण, घड्याळ बदलण्याचा रविवार, ३१ डिसेंबर, आणि २९ फेब्रुवारी २००८. या शेवटच्या तारखेचं गिऱ्हाईक २०२७ मध्ये १९ चं होईल आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही. आमचं वजाबाकीचं सूत्र त्याला १ मार्चला आत घेतं. सहकारी म्हणतो २८ ला घ्यायला काय हरकत आहे, मी म्हणतो दुकानदाराचं लायसन्स पणाला लावायची आपली ऐपत नाही. क्लायंटला मेल टाकलाय, उत्तर लेखी हवंय असंही लिहिलंय. तोवर १ मार्च.